घटक ४ : बुडालेल्या जहाजांतील निळी-पांढरी चिनी भांडी – वस्तू, नाव आणि संदर्भ

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर समुद्रतळातून वर काढलेल्या चिनी भांड्यांकडे केवळ शोभेच्या वस्तू म्हणून न पाहता ऐतिहासिक साधन म्हणून पाहणे आपल्याला शक्य व्हावे, अशी अपेक्षा आहे. वस्तूला मिळालेले नाव आणि तिचे प्रत्यक्ष मूळ यांतील अंतर आपण ओळखू शकाल. उत्खनन आणि उपसा यांत काय फरक आहे, आणि त्या फरकाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे एका उदाहरणाच्या आधारे सविस्तर मांडू शकाल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जुन्या बाजारात एखाद्या पोथीचे सुटे पान आपल्या हाती आले, अशी कल्पना करा. अक्षर सुरेख आहे, शाई अजून काळीभोर आहे, दोन-चार ओव्या सलग वाचताही येतात. पण पोथी कोणाची, लेखनिक कोण, पान कितवे, मागे-पुढे काय होते, यांपैकी काहीही कळत नाही. पान सुंदर असूनही अभ्यासकाच्या दृष्टीने ते बव्हंशी मुके असते. पाठचिकित्सेचा अभ्यास करताना आपण या अडचणीचा विचार केला आहे. तीच अडचण भांड्यांच्या बाबतीतही येते. या घटकात आपण ज्या भांड्यांविषयी वाचणार आहोत, ती शेकडो वर्षे समुद्राच्या तळाशी एका जहाजाच्या पोटात, ज्या क्रमाने रचली गेली त्याच क्रमाने पडून होती. म्हणजे पोथी शाबूत होती. ती वर काढताना तिची पाने सुटी झाली की बांधणीसह ती हाती लागली, हा या घटकाचा गाभ्याचा प्रश्न आहे.

४.२ निळा रंग झिलईखाली कसा टिकतो

आपल्या घरी लोणच्याची बरणी ‘चिनीमातीची’ असते. ती बरणी चीनमधून आलेली नसते आणि पोर्सेलिनचीही नसते. ती जाड, अपारदर्शक, उच्च तापमानात भाजलेल्या मातीची असते. मूळ चिनी पोर्सेलिन पातळ, पांढरेशुभ्र आणि उजेडासमोर धरल्यास किंचित पारभासक असते. त्यासाठी दोन द्रव्ये लागतात. एक म्हणजे केओलिन ही पांढरी माती. हे नाव चीनमधील गावलिंग या ठिकाणाच्या नावावरून आले आहे. दुसरे द्रव्य म्हणजे कुटून बारीक केलेला एक विशिष्ट दगड. भट्टीत सुमारे १३०० अंश सेल्सिअस तापमानाला हा दगड वितळून काचेसारखा होतो आणि केओलिन भांड्याचा आकार सावरून धरते. च्यांगशी प्रांतातील जिंगदेझेन हे या उद्योगाचे सर्वांत मोठे केंद्र होते. दांत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट मिशनऱ्याने १७१२ आणि १७२२ साली तेथून लिहिलेल्या पत्रांत या कामाचे बारकाईने वर्णन केले आहे. एक भांडे तयार होताना सुमारे सत्तर जणांच्या हातांतून जाते, असे त्याने नोंदवले आहे. कोणी फक्त कडेची रेघ ओढी, तर कोणी फक्त फुले काढी.

निळा रंग कोबाल्टचा असतो. कच्च्या, वाळलेल्या भांड्यावर तो कुंचल्याने लावला जातो. त्या वेळी तो निळा दिसतच नाही, करडा-काळपट दिसतो. कोरडा पृष्ठभाग रंग तत्काळ शोषून घेतो, त्यामुळे एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही. चित्र पूर्ण झाले की त्यावर पारदर्शक झिलई चढवून भांडे एकदाच भाजले जाते. रंग निळा झालेला भट्टी उघडल्यावरच दिसतो, आणि तोवर तो झिलईच्या खाली कायमचा बंदिस्त झालेला असतो.

हा तांत्रिक तपशील विसरू नका. लाल, सोनेरी, गुलाबी हे रंग झिलईच्या वर लावून कमी आचेवर पुन्हा भाजले जात. समुद्राचे खारे पाणी आणि वाळूचे घर्षण हे वरचे रंग हळूहळू खाऊन टाकते. म्हणून बुडालेल्या जहाजांतून निघालेल्या बहुरंगी बशांवर पुष्कळदा केवळ निळा भाग उरतो आणि लाल-सोनेरी नक्षीची जागा फिकट छायेसारखी दिसते. त्यामुळे ही भांडी वर निघतात तेव्हा, मुळात जितकी निळी-पांढरी होती त्याहून अधिक निळी-पांढरी दिसतात.

या कलेचा आरंभही आपल्याला बऱ्याच अंशी एका बुडालेल्या जहाजामुळेच समजतो. १९९८ साली इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातील एक जहाज सापडले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नव्हत्या, दोरीने शिवलेल्या होत्या. त्यातील सुमारे ६०,००० भांड्यांपैकी एका वाडग्यावर इ.स. ८२६ शी जुळणारी तिथी कोरलेली आहे. याच मालात कोबाल्टने रंगवलेल्या तीन अखंड बशा मिळाल्या. अखंड स्वरूपातील सर्वांत प्राचीन चिनी निळ्या-पांढऱ्या बशांत त्यांची गणना होते. साठ हजारांत तीन! म्हणजे त्या काळी हा प्रकार किती नवा होता, हे त्या प्रमाणातूनच कळते. तीनच बशा बाजारात आल्या असत्या, तर हे प्रमाण आपल्याला कधीच कळले नसते.

४.३ तीन नावे, तीन गैरसमज

मराठीचे विद्यार्थी म्हणून नामकरणाच्या प्रश्नाकडे आपले विशेष लक्ष असले पाहिजे.

चिनी भाषेत या भांड्यांना ‘छिंगहुआ’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘निळी फुले’. युरोपात मात्र सतराव्या शतकाच्या आरंभी ‘क्राक’ हे नाव रूढ झाले. पोर्तुगीजांच्या मोठ्या व्यापारी जहाजांच्या प्रकारावरून ते पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. फेब्रुवारी १६०३ मध्ये मकावहून मलाक्काकडे निघालेले ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज डचांनी सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ पकडले. त्यातील मालाचा ॲम्स्टरडॅममध्ये लिलाव झाला आणि या भांड्यांनी युरोपला वेड लावले. ही पकड न्याय्य होती का, या वादातून ह्यूगो ग्रोशियस या डच विधिज्ञाने जे लेखन केले, त्याचा एक भाग १६०९ साली ‘मारे लिबेरुम’ म्हणजे ‘मुक्त समुद्र’ या नावाने प्रसिद्ध झाला. समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, हा आधुनिक सागरी कायद्याचा पायाभूत विचार. त्याच्या जन्माशी चिनी भांड्यांनी भरलेल्या एका लुटलेल्या जहाजाचा संबंध आहे, ही गोष्ट पुढील विवेचन वाचताना मनात ठेवावी.

दुसरे नाव ‘नानकिंग’. अठराव्या शतकातील युरोपीय व्यापारी निळ्या-पांढऱ्या भांड्यांना सरसकट हे नाव देत. भांडी बनत जिंगदेझेनला आणि जहाजात चढत कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझोला. १९८६ साली एका लिलावगृहाने हेच जुने व्यापारी नाव उचलून आपल्या विक्रीला दिले आणि ‘नानकिंग कार्गो’ हा शब्द जगभर झाला. आणि तिसरे नाव आपले, ‘चिनीमाती’. ते देशाचे नाव होते, पदार्थाचे झाले, आणि आज कपबशीपासून स्वच्छतागृहातील भांड्यापर्यंत कशालाही लागते.

आपली प्रगती तपासा – १
‘क्राक’, ‘नानकिंग’ आणि ‘चिनीमाती’ या तिन्ही नावांत वस्तू घडवणाऱ्याचा उल्लेख आहे का? नावे कोणी दिली आणि कोणत्या ठिकाणाहून पाहून दिली, याचा विचार करून पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.

४.४ ‘गेल्डरमाल्सेन’ : एका जहाजाचे दोन मृत्यू

डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘गेल्डरमाल्सेन’ हे जहाज डिसेंबर १७५१ मध्ये कँटनहून हॉलंडकडे निघाले. ३ जानेवारी १७५२ रोजी संध्याकाळी दक्षिण चीन समुद्रात, आजच्या इंडोनेशियातील रिआऊ बेटांच्या परिसरात ते खडकावर आदळून बुडाले. जहाजावर ११२ माणसे होती. दोन होड्यांतून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पोहोचली ३२. कप्तान यान डीडरिक मोरेल त्यांत नव्हता.

वाचलेल्यांत जहाजाचा सारंग ख्रिस्तोफेल फान डाइक हा होता. जहाजावर कंपनीचे सोने होते. माणसे वाचली आणि सोने गेले, हे कंपनीच्या अधिकाऱ्यांना पटेना. त्याची कसून चौकशी झाली. सोन्याची पेटी जहाजावरच राहिली, असे त्याचे म्हणणे होते. खात्री करून घेण्याचा मार्ग कोणापाशीच नव्हता. १९८५ साली मायकेल हॅचर या उपसा-व्यावसायिकाच्या पाणबुड्यांनी त्या ठिकाणाहून सोन्याच्या १२५ लगडी वर आणल्या. संशयाच्या छायेत राहिलेल्या सारंगाच्या बाजूने पुरावा मिळाला, पण २३३ वर्षांनी.

जहाजावर काय होते, हे आपल्याला कंपनीच्या काटेकोर कागदपत्रांतून कळते. मुख्य माल चहा होता, तोही ६,८६,९९७ पौंड. चिनी भांडी २०३ पेट्यांत, सुमारे २,३९,००० नग. आज ज्या भांड्यांसाठी हे जहाज प्रसिद्ध आहे, ती किमतीच्या दृष्टीने दुय्यम होती. पेट्या जहाजाच्या तळाशी रचत, कारण भांडी वजनदार असल्याने जहाजाला स्थैर्य येई आणि तळात झिरपलेल्या पाण्याने त्यांचे काही बिघडत नसे. वर कोरड्यात चहा. जहाज फुटल्यावर हाच चहा भांड्यांवर पसरून त्याचा जाड थर झाला आणि त्या थराखाली भांडी सुरक्षित राहिली. मौल्यवान माल नासला आणि नासून त्याने स्वस्त माल जपला.

यादीतील आकडे वाचण्यासारखे आहेत. चहाचे पेले बशांसह ६३,६२३. चॉकलेट पिण्याचे पेले ९,७३५. जेवणाचे पूर्ण संच १७१. आणि वांतीपात्रे ६०६. शेवटची नोंद वाचून हसू येईल, पण अभ्यासकांना तिने मोठे काम दिले. समुद्रातून निघालेल्या एका छोट्या, मुठीच्या भांड्याचा उपयोग काय, हे ठरवताना कंपनीच्या यादीतील या शब्दाचा आधार मिळाला. डच कलाइतिहासकार यर्ग यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात कागद आणि वस्तू यांची अशी सांगड घातली आहे. यादीवाचून ते भांडे निनावी राहिले असते आणि भांड्यावाचून यादीतला शब्द पोकळ राहिला असता.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की हॅचर यांचे काम उत्खनन नव्हते, उपसा होता. उत्खननात पुरातत्त्वज्ञ तळाचे चौकोनी भाग पाडतो, प्रत्येक वस्तूची जागा मोजतो, तिचे रेखाटन करतो आणि मगच ती हलवतो. लाकडाचा तुकडा, दोरीचा पीळ, खलाशाच्या जोड्याचा तळवा, शिजवलेल्या प्राण्याचे हाड, हे सारे त्याच्या लेखी बशीइतकेच महत्त्वाचे असते. उपशात विकता येईल ते वर येते. ‘गेल्डरमाल्सेन’च्या भांड्यांची रचना, सांगाड्याचे अवशेष, बुडालेल्या ऐंशी माणसांच्या खासगी चीजवस्तू यांची पद्धतशीर नोंद झाली नाही. जॉर्ज मिलर या अमेरिकन अभ्यासकाने १९९२ साली या प्रकरणावर लिहिलेल्या लेखाला ‘गेल्डरमाल्सेनचा दुसरा विध्वंस’ असे शीर्षक दिले. शीर्षक कठोर आहे. प्रस्तुत लेखकाला ते योग्य वाटते.

तथापि दुसरी बाजूही मांडली पाहिजे. समुद्रतळावरील जहाज आपोआप सुरक्षित राहते असे नाही. मासेमारीची ओढजाळी आणि चोरटे पाणबुडे ते हळूहळू उद्ध्वस्त करतात. खोल पाण्यातील उत्खननाचा खर्च पुष्कळ सरकारांना झेपत नाही. उपसा करणारे म्हणतात, की आम्ही नसतो तर जगाने ही भांडी पाहिलीच नसती. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो अर्धाच आहे. जगाने भांडी पाहिली हे खरे, परंतु जहाज पुन्हा कोणालाही पाहता येणार नाही.

४.५ लिलाव आणि त्याचे पडसाद

२८ एप्रिल ते २ मे १९८६ या काळात ॲम्स्टरडॅम येथे ख्रिस्तीज या लिलावगृहाने दीड लाखाहून अधिक भांडी विकली. सुमारे एक कोटी पौंड जमा झाले. साध्या पेल्यांना आणि बशांना अपेक्षेहून कितीतरी अधिक भाव आला. त्याच काळातील, त्याच प्रतीचे, पण कधीही न बुडालेले भांडे यापेक्षा स्वस्तात मिळू शकत होते. लोक भांडे घेत नव्हते, गोष्ट विकत घेत होते. भांड्याच्या बुडाशी चिकटवलेले लिलावाचे गोल कागदी लेबल आज संग्राहक जिवापाड जपतात, कारण ते निघाले की गोष्टीचा पुरावा जातो. ज्या मालाचा मूळ संदर्भ नोंदलाच गेला नाही, त्याला लेबलाचा नवा संदर्भ चिकटला, यातील विसंगती ध्यानात घ्या.

या लिलावाला चीनमधून दोन तज्ज्ञ आले होते. त्यांच्यापाशी ३०,००० डॉलर होते, असे सांगितले जाते. एकही वस्तू त्यांना घेता आली नाही. या अनुभवाची बोच चीनमध्ये खोलवर बसली आणि १९८७ पासून तेथे सागरतळ पुरातत्त्वाची संघटित सुरुवात झाली. इंडोनेशियानेही १९८९ साली बुडालेल्या जहाजांतील मौल्यवान वस्तूंसाठी राष्ट्रीय समिती नेमली. चीनने पुढे काय केले, हे पाहण्याजोगे आहे. १९८७ साली ग्वांगदोंग प्रांताच्या किनाऱ्याजवळ सापडलेले ‘नानहाई-१’ हे सुंग काळातील जहाज, भोवतालच्या गाळासह पोलादी पेटीत बंद करून २००७ साली अखंड उचलले आणि त्याच्यासाठी बांधलेल्या संग्रहालयात ठेवून तेथे सावकाश उत्खनन केले. त्यातून १,८०,००० हून अधिक वस्तू निघाल्या. या जहाजात निळी-पांढरी भांडी नाहीत, ती कला तेव्हा बहरली नव्हती. पण पोथी बांधणीसह उचलणे म्हणजे काय, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

हॅचर यांचे काम मात्र थांबले नाही. १९९९ साली त्यांनी ‘टेक सिंग’ हे १८२२ साली बुडालेले चिनी जहाज शोधले. सुमारे साडेतीन लाख भांडी निघाली आणि ती २००० साली जर्मनीत श्टुटगार्टला विकली गेली. या जहाजावर जावाकडे निघालेले शेकडो चिनी उतारू होते. दीड हजाराहून अधिक माणसे त्या रात्री बुडाली. ती जागा एक दफनभूमी आहे, हा मुद्दा लिलावाच्या जाहिरातींत अर्थातच दुःखद पार्श्वभूमी म्हणून आला, अडथळा म्हणून नव्हे.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००१ मध्ये युनेस्कोने पाण्याखालील सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा करार स्वीकारला. तो २००९ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या अवशेषांचा व्यापार करू नये, आणि शक्यतो ते जागच्या जागी राखावेत, ही त्याची मुख्य सूत्रे. पण जे देश करारात सामील नाहीत त्यांना तो बांधील नाही, आणि खुल्या समुद्राचा जुना प्रश्न अजून सुटलेला नाही. येथे ग्रोशियसची आठवण व्हावी.

४.६ आपल्या किनाऱ्याशी असलेला धागा

चिनी भांड्यांच्या या मार्गावर आपला किनाराही होता. गोव्याजवळ सुंची खडकापाशी सतराव्या शतकाच्या आरंभी बुडालेल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यासले आहेत. तेथे तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात यांच्यासह चिनी भांड्यांचे तुकडेही मिळाले. अखंड भांडी फारशी नाहीत, त्यामुळे लिलावगृहांना या जहाजात रस वाटण्याचे कारण नाही. अभ्यासकाला मात्र आफ्रिकेचे दात आणि चीनची माती एकाच ठिकाणी सापडणे हेच धन आहे. गोव्यातील पोर्तुगीज व्यापार किती दिशांनी चालत होता, हे त्या तुकड्यांच्या शेजारावरून कळते.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे. सिंगापूरजवळच्या पेद्रा ब्रांका खडकापाशी दोन बुडालेली जहाजे सापडली. त्यांचे उत्खनन पूर्ण झाल्याचे २०२१ साली जाहीर करण्यात आले. एक चौदाव्या शतकातील असून त्यात युआन काळातील निळी-पांढरी भांडी मोठ्या प्रमाणावर मिळाली. दुसरे बहुधा ‘शाह मंचर’. हे भारतात बांधलेले व्यापारी जहाज १७९६ साली चीनहून माल घेऊन भारताकडे परतताना बुडाले. चिनी भांडी युरोपच्या वाटेवर होती, असे आपण या घटकात वारंवार वाचले. हा माल मात्र आपल्याकडे येत होता. आणि या खेपेला प्रत्येक वस्तूची जागा नोंदली गेली आहे.

४.७ स्वाध्याय

१. ‘उत्खनन’ आणि ‘उपसा’ या संज्ञांतील फरक ‘गेल्डरमाल्सेन’ व ‘नानहाई-१’ यांच्या आधारे स्पष्ट करा. (सुमारे २५० शब्द)

२. “आम्ही नसतो तर जगाने ही भांडी पाहिलीच नसती.” या युक्तिवादाचे साधक-बाधक परीक्षण करा. केवळ आपल्या मताला अनुकूल मुद्देच मांडू नयेत. (सुमारे ३०० शब्द)

३. कंपनीच्या यादीतील ‘वांतीपात्रे’ या नोंदीचे उदाहरण घेऊन लिखित साधन आणि वस्तुरूप साधन परस्परांना कसे पूरक ठरतात, ते लिहा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील किंवा शेजारच्या घरातील एखादी जुनी बरणी, कपबशी वा थाळी निवडा. तिचा आकार, रंग, झिलई, बुडाशी असलेली खूण यांचे वर्णन करा. ती कोठे ठेवली जाते, शेजारी काय असते, कोण हाताळते, हे ती हलवण्यापूर्वी नोंदवा. नंतर घरातील वडीलधाऱ्यांना ती केव्हा व कोठून आली हे विचारा आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. वर्णन आणि सांगितलेली हकीकत यांत विसंगती आढळल्यास ती झाकू नका, स्वतंत्र परिच्छेदात नोंदवा आणि अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.